गळ्याचा गोंडा

शाळेने ‘आपल्या गावाचा इतिहास’ या विषयावर चिकटवही करायला सांगितली, तेव्हा नातीने आम्ही राहतो त्या मस्कतमधला मत्रहचा बाजार निवडला. तिथे ओमानी माणसांचे डिशडाशे, म्हणजे पायघोळ अंगरखे, शिवण्यात माझं आयुष्य गेलं. पहिल्याच पानावर तिने माझ्या हातचा गोंडा डकवला. डिशडाशाच्या गळ्याशी असा गोंडा लोंबतो आणि माणसं तो अत्तरात बुडवतात, म्हणून तिनेही बुडवला. आज वही परत आली. ‘पुस्तकातल्या नमुन्याप्रमाणे करा,’ असा मॅडमचा लाल शेरा होता. नमुना म्हणजे इंग्लंडमधलं एक बाजाराचं गाव: घड्याळाचा मनोरा, मेंढ्या, दगडी पूल. सुनेने त्याचीच रंगीत चित्रं छापून आणली, गोंडा उचकटला आणि त्या जागी मनोरा चिकटवला. “तृप्ती, हे गाव तू तरी पाहिलंयस का?” मी विचारलं. “बाबा, मार्क्स हवेत ना तिला? तुमच्या मत्रहला कोण मार्क्स देतंय?” “मग वर ‘आपलं गाव’ कशाला ठेवलंय? खोड ते!” नात खाली बघत म्हणाली, “इट्स ओके, आजोबा.” तिचं ते ओके मला सहन झालं नाही. पेटीतून सुई काढली, दोरा ओवला आणि गोंडा त्या घड्याळावरच, जाड पानातून आरपार टाके घालत, शिवून टाकला. “अहो बाबा, आता हा निघायचा कसा?” सून ओरडली. “पान फाडून,” मी दोरा दातांनी तोडत म्हणालो. “मॅडमना फाडू दे. पण हिच्यासमोर फाडायचं.”