राजासमोर ठेवलेलं गाठोडं

“गाठोडी आत न्यायची नाहीत, आजी. बाहेर ठेवा.”

दाराशी व्यवस्था बघणाऱ्या, दंडाला काळी फीत बांधलेल्या ओनोदेराने दोन्ही हात पसरून वाट अडवली. फुसाएबाईंनी जांभळ्या कापडातलं चौकोनी गाठोडं आणखी पोटाशी धरलं.

“हे राजासमोरच ठेवायचंय,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांचा धूप वाहून होईपर्यंत. तेवढ्यासाठीच आलेय मी.”

तोक्योच्या नेरिमा भागातल्या त्या देवळाबाहेरची रांग पार कोपऱ्यावरच्या जेवणाच्या डब्यांच्या दुकानापर्यंत गेली होती. राजा गाइरान टीव्हीवरच्या चित्रमालिकेच्या शेवटच्या भागात मेला आणि चाहत्यांनी त्याचा रीतसर अंत्यविधी ठरवला. भिक्षू खरा, धूप खरा, काळे कपडे खरे. मेलेला तेवढा चित्रातला. कुणाला हसायचं त्याने खुशाल हसावं, पण रांगेत डोळे पुसणारी पोरं काही नाटक करत नव्हती.

“लोक दोन संत्री ठेवतात, तुम्ही तर भांडंच आणलंय,” ओनोदेरा म्हणाला. “आणि तुम्ही मालिका बघता तरी का?”

“ऐकलीय.”

“ऐकलीय म्हणे! मग म्हणा बघू राजाचं एखादं वचन.”

फुसाएबाईंनी डोळे मिटले. “सिंहासनावर एकालाच बसता येतं,” त्या म्हणाल्या, थांबल्या, हलकेच श्वास घेतला. “दोघांना बसता आलं असतं, तर ते बाकडं झालं असतं.”

मागे उभी असलेली, केस चंदेरी रंगवलेली हिनाको टुणकन पुढे आली. “मधला तो श्वास ऐकलास? राजा अगदी तस्साच थांबतो! तुला जन्मात जमायचं नाही. सोड त्यांना आत.”

“तुझी आजी आहे का?”

“आत्ताच झाली.”

ओनोदेरा बाजूला झाला.

आत फुलांच्या राशीवर राजाची मोठी तसबीर होती. फुसाएबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. “असा दिसायचा होय? आवाजावरून मला थोराड वाटायचा. हा तर पोरगेला आहे.”

हिनाकोला हसू आवरेना. “म्हणजे त्याला कधी पाहिलंच नाहीत?”

“पलीकडच्या खोलीत लागलेला असायचा. इकडे मी जेवण करायची.”

हिनाकोने गाठोडं घेतलं आणि संत्री नि तांदळाच्या पापड्या सरकवून बरोबर तसबिरीखाली ठेवलं. फुसाएबाईंनी पुढे होऊन ते जरा सरळ केलं.

मंत्र सुरू झाले. एकेक जण पुढे येई, चिमूटभर धूप कपाळाशी नेऊन निखाऱ्यावर सोडी आणि राजाचं आवडतं वचन म्हणून वाके. फुसाएबाई प्रत्येकाचं वाकणं डोळे भरून बघत होत्या. एका जाड्या मुलाचा आवाज फुटला. “ज्याच्याकडे कुणी येत नाही, त्याच्या दाराला कडी लागत नाही.”

“लागायची,” फुसाएबाई पुटपुटल्या. “आतून लागायची.”

“कुठल्या भागात, आजी?”

“असेल कुठल्यातरी.”

शेवटी भिक्षूने विचारलं, कुणाला निरोपाचे दोन शब्द बोलायचेत का. हिनाकोने फुसाएबाईंना कोपराने ढोसलं. त्या नको नको म्हणत उठल्या, तसबिरीसमोर गेल्या आणि जमिनीकडे बघत बोलू लागल्या.

“तू म्हणायचास, दारावर थाप मारू नका. शहाणी माणसंही म्हणाली, त्याला त्याच्या मनाने बाहेर येऊ दे. म्हणून मी ताट दाराशी ठेवायची आणि पाय न वाजवता जायची. मला वाटायचं, हाच मान. चुकलं माझं. दार फोडायला हवं होतं रे. शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं.”

सभागृहात हुंदके सुरू झाले. मालिकेत राजाची एक म्हातारी स्वयंपाकीण होती, तीही ताट दाराशी ठेवून जायची. “तिच्या तोंडून बोलतायत,” हिनाको शेजारणीच्या कानात म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली. मग कुणी न सांगता सगळे उठले आणि एकदम कमरेत वाकले.

विधी संपला. ठेवलेला खाऊ वाटायला घेतला, तेव्हा ओनोदेरा स्वतःच गाठोडं घेऊन आला. सकाळच्या बोलण्याची त्याला लाज वाटत असावी.

“माफ करा हं, आजी. पण जड आहे की! काय आणलंत एवढं राजासाठी?”

गाठ सैल झाली होती. जांभळं कापड सरकलं आणि आतलं पांढरं रेशमी आवरण दिसलं, अस्थिकलशाला घालतात तसलं. ओनोदेराने झटकन दुसरा हात खाली लावला.  मान खाली घालून त्याने गाठोडं त्यांच्या हातात दिलं.

फुसाएबाईंनी गाठ नीट बांधली, गाठोडं छातीशी धरलं आणि पायऱ्या उतरता उतरता त्याच्यावर हात फिरवला.

“बघितलंस ना, यासुशी बाळा? चितेतली हाडं वेचायला रीतीप्रमाणे दोघं लागतात, तुझ्या वेळी तिथे मी एकटीच होते. आज बघ, किती माणसं आली तुला पोचवायला.”