पहिल्या मिनिटाचं चित्र

"काळं म्हणजे नुसतं काळं?" आईने विचारलं.

"नुसतं काळं," मुलगी म्हणाली आणि कपाटाच्या दारावर पहिल्या मिनिटाची ती काळी चिठ्ठी चिकटवून मोकळी झाली.

कपाटाची दोन्ही दारं चिठ्ठ्यांनी भरली होती. वरच्या ओळीत चित्रं, मधल्या ओळीत संगीत, खाली निवेदन. चित्रपटाच्या शाळेत प्रवेश हवा असेल तर स्वतःच्या आयुष्यावर पाच मिनिटांची फिल्म करून पाठवायची होती, आणि त्यापायी मुलीने घर डोक्यावर घेतलं होतं. पहिली सायकल, पडलेला दात, गच्चीवर वाळत घातलेला गणवेश, सगळं जागच्या जागी बसलं होतं. घोडं अडलं होतं पहिल्या मिनिटापाशी. निदान आईचं तरी.

मुलगी या घरात आली तेव्हा तीन वर्षांची होती. त्याआधी ती एका संस्थेत होती, आणि त्याच्याही आधीचं कोणालाच ठाऊक नव्हतं. हे तिच्यापासून कधी लपवलं नव्हतं. छत्री कुठे ठेवली हे विचारावं, इतक्या सहज घरात त्याविषयी बोलणं होई. पण बोलणं वेगळं आणि कपाटावर काळी चिठ्ठी लागणं वेगळं. आईला वाटलं, आपण भेटण्याआधीचा काळोख हिच्या मनात अजून तसाच आहे. इतकी वर्षं दिवे लावले, ते कमीच पडले म्हणायचे.

आई हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी कामावरून आली ती थेट पलंगाखालची फोटोंची पेटी ओढायलाच बसली.

"हा बघ, पिवळ्या फ्रॉकमधला. आलीस त्याच आठवड्यातला. काळ्याच्या जागी हा घाल."

"गोड आहे. दुसऱ्या मिनिटात घालते."

"आणि हा? दारात उभी आहेस तो?"

"तोही दुसऱ्यातच."

आईने पेटी परत आत ढकलली, जरा जोरातच.

बाबांचं मात्र मजेत चाललं होतं. ते बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारायचे. तेव्हा निवेदन आपल्याकडेच येणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. अंघोळ करतानासुद्धा सराव सुरू होता.

"बाबा, तुमचं ऐकून वाटतं, मी घरी नाही, फलाट क्रमांक तीनवर आले."

"मग वाईट काय? वेळेवर आलीस ना?"

तिने हसत हसत त्यांना चार वाक्यं देऊन टाकली. वर एक कामही सांगितलं. स्थानकातल्या सगळ्यांत जुन्या गाडीचा आवाज फोनवर पकडून आणायचा. बाबांनी तो आणला आणि येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवला. शेजाऱ्यांचे कान किटले.

मग आईची पाळी आली.

"तू फक्त गुणगुणायचंस. चष्म्यात काचा बसवताना गुणगुणतेस ना, तेच."

आईला हसू फुटलं. तिचं गाणं हा घरातला जुना विनोद होता. सूर कधी तिच्या वाटेला गेला नव्हता आणि तीही सुराच्या वाटेला गेली नव्हती. ती ज्या चष्म्याच्या दुकानात काम करायची तिथले मालक म्हणायचे, त्यापेक्षा काच घासायचं मशीन बरं.

"माझं गाणं घातलंस तर मिळणारा प्रवेशही जायचा."

"ते माझ्यावर सोड."

मुलीने माईक आणला. पण तोंडासमोर धरला नाही. गळ्याच्या खाली, खांद्याजवळच्या खोबणीत दाबून धरला.

"अगं, तोंड इथे आहे माझं."

"माहितीये. तू म्हण."

आईने म्हटलं. बाबा स्वयंपाकघरातून ओरडले, "काय पडलं?" आईला पुन्हा हसू आलं, आणि मुलीने तेही तसंच ठेवलं.

रविवारी तिने पडदे ओढले आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. "पहिलं मिनिट झालंय. बघा."

पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. बाबांनी वाकून वायर सुटली का ते पाहिलं. जुन्या बसच्या इंजिनाची घरघर सुरू झाली. बस हलली. त्या घरघरीत आईचं ते बेसूर गुणगुणणं मिसळलं. ते तोंडातून आल्यासारखं वाटत नव्हतं. अगदी जवळून, हाडामांसातून आल्यासारखं दबकं वाटत होतं. मध्येच एक हसू. पुन्हा गुणगुणणं.

आईला राहवलं नाही. तिने मुलीचा हात धरला.

"बाळा, त्या काळोखात आम्ही नव्हतो गं. असतो तर तुला एकटीला राहू दिलं असतं का? खरंच वाईट वाटतं मला त्याचं. पण त्यात माझं गाणं कशाला? मी कुठे होते तेव्हा?"

मुलगी चकितच झाली.

"तू नाही तर कोण होतं? आई, तुम्ही मला घरी आणत होतात. बसमध्ये मी तुझ्या मांडीवर होते. इतकी घाबरले होते की डोळे घट्ट मिटून तोंड खुपसलं, ते घर येईपर्यंत वर काढलंच नाही. आणि तू सगळा रस्ता गुणगुणत होतीस. त्याच्या आधीचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. माझी पहिली आठवण हीच."

आई काळ्या पडद्याकडे वळली. गाणं अजून चालू होतं.

"मग हा एवढा अंधार..."

"अंधार कुठला? तुझा खांदा आहे तो."