शंभरातले शेवटचे तीन

मल्लिकार्जुन सर माझी पेटी ऐकता ऐकता वारले. पण ते तूर्त बाजूला ठेवू. सर खुर्चीत बसलेत आणि मोजतायत, असंच धरून चालू.

उचगावातल्या सरांच्या क्लासचा नियम सोपा होता. सुरांचा एकच पलटा सलग शंभर वेळा बिनचूक वाजवायचा, मग भूप राग शिकायला मिळणार. प्रत्येक वेळी बरोबर आलं की सर एक काजू या वाटीतून त्या वाटीत टाकायचे. चुकलं किंवा मध्ये थांबलं, की सगळे काजू परत पहिल्या वाटीत. "घरात वाजवलेलं मी धरत न्हाय," सर म्हणायचे. "मी ऐकलं तेवढंच खरं."

सात महिने माझी गाडी साठीच्या पुढं गेली नव्हती. शनिवारी सत्त्याण्णव झाले आणि सरांचा हात वाटीतच राहिला.

शंभर पुरे करून मी काकूंना, सरांच्या बायकोला, हाक मारली.

"त्यांची मान पडल्याली दिसली न्हाय व्हय रं तुला?"

"दिसली की काकू. पण थांबलो असतो तर परत एकपासून."

काकूंनी पहिल्या वाटीत उरलेले तीन काजू मोजले. "ह्ये तीन त्यांनी ऐकल्यालं न्हाईत," म्हणाल्या, आणि वाटी उचलून आत गेल्या.

म्हणून जन्म-मृत्यू नोंदणी विभागाकडं अर्ज टाकलाय: दाखल्यावर मृत्यूची वेळ सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे अशी आहे. ती सहा वाजून तेरा मिनिटे करून मिळावी, जेणेकरून अर्जदाराचे शेवटचे तीन पलटे मयताच्या हयातीत बसतील, ही नम्र विनंती.