चार आकडे

दिवसभर वर्गात पोरांना रॅम आणि हार्ड डिस्कमधला फरक समजावून कॉम्प्युटरच्या बाईंचं डोकं आधीच पिकलं होतं. त्यात घरी आल्यावर हे. आई वारल्यापासून बाबांचा फोन कपाटात बंद पडून होता आणि आईचे शेवटचे सगळे फोटो त्यातच अडकले होते.

"बाबा, चारच तर आकडे आहेत. नीट आठवा ना."

"आठवतोय गं. डोक्यात येतच नाहीत."

लग्नाची तारीख टाकून झाली, घराचा नंबर झाला, लेकीचा वाढदिवसही झाला. आता एकदा जरी चुकलं, तरी फोन सगळं पुसून टाकणार होता.

"तुमच्या शाळेतल्या हजेरीची चाळीस नावं अजून घडाघडा म्हणता, आणि एवढे चार आकडे आठवत नाहीत?" तिचा आवाज चढलाच.

शेवटी तिने हात टेकले आणि फोन बाबांच्या मांडीवर ठेवून दिला.



"चिडू नकोस, तुझ्या आईला विचारतो, तिला माहीत असेल," म्हणत बाबांनी अंगठ्याने खटाखट चार आकडे दाबून लॉक उघडलं आणि आईला फोन लावला.