साठ ग्रॅम

मेकॅनिक नॉर्मनने तोल साधलेली चाकं थरथरतात, अशी बोंब रूपर्टने अख्ख्या नॉरफकच्या मोटार क्लबात मारली होती. हा रूपर्ट म्हणजे गाडी हलकी राहावी म्हणून रेडिओ उपटणारा, गालिचा फेकणारा आणि बायकोला बसने पाठवणारा गडी. शर्यतीच्या आदल्या दिवशी तो तिसऱ्यांदा गॅरेजात येऊन गरजला, "नॉर्मन, सत्तरच्या वेगाला स्टेअरिंग थडथडतंय! चाकं बॅलन्स केलीस की पाट्या टाकल्यास? उद्या थरथरली तर क्लबात तुझं नाव संपलं!"

नॉर्मनने चाक काढलं. तोलासाठी स्वतःच्या हाताने आतून चिकटवलेल्या धातूच्या पट्ट्या तिथे नव्हत्याच.

"रूपर्टसाहेब, इथल्या पट्ट्या कुठे गेल्या?"



"तिन्ही वेळा मीच खरवडल्या. बायकोला उतरवून वजन घटवतोय मी, आणि तू गुपचूप साठ ग्रॅम चढवतोस होय रे?"