इन्स्पेक्टरची आई

आई गेल्यावर मुलगाच म्हणाला होता, "बाबा, एक मालिका आहे. खून झालेली माणसं झोंबी होऊन उठतात आणि त्यांना कुणी मारलं ते एक इन्स्पेक्टर शोधतो. तुम्ही तिकडे बघा, मी इकडे बघतो. दर रविवारी फोनवर बोलू."

शिंप्याला असल्या भुताटकीचा मनापासून तिटकारा. तरी शिलाई मशीनला मोबाइल टेकवून तो प्रत्येक भाग डोळ्यांत तेल घालून बघायचा. रविवारी बोलायला काहीतरी हवं ना!

या रविवारी फोन आला, तेव्हा तो एका सदऱ्याला बटणं लावत होता.

"काय बाबा, पाहिलात का नवा भाग?"

शिंप्याची सुई थांबली. "पाहिला की. तू?"

"म्हणजे काय! कालच. जबरदस्त होता."

"इन्स्पेक्टरची आई उठून दारात उभी राहिली ना, माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं रे."

"माझ्याही, बाबा. काय काम केलंय त्या बाईने!"

मालिकेत इन्स्पेक्टरची आई कधी आलीच नव्हती. आणि सीझन तर मागच्याच आठवड्यात संपला होता.

शिंप्याने बटणाचा दोरा दातांनी तोडला.

"बरं, ठेवू का? पुढचा भाग बघून ठेवा हं. रविवारी करतो."

"ठेवतो बघून," शिंपी म्हणाला.

मग त्याने सुईत नवा दोरा ओवला आणि इन्स्पेक्टरच्या आईला कुणी मारलं असेल, ते रविवारसाठी ठरवू लागला.