हेल्मेटातली कोथिंबीर

सैनिकी हेल्मेटांत माती भरून पंधरा दिवस झाले, तरी एक कोंब दिसेना. कलादालनात झाडू मारताना हौसाबाई रोज वाकून बघायच्या. शेवटी त्यांना राहवेना.

"ताई, पेरलंय तरी काय ह्यात?"

"धने, मावशी. युद्धात भाजी मिळेना, तेव्हा शहरातले लोक मिळेल त्यात पिकवायचे. तेच दाखवायचंय. पण प्रदर्शन पंधरवड्यावर आलं!" चित्रकार पोरगी रडकुंडीला आली होती.

"रगडले होते का? अख्खा धना रुसून बसतो." हौसाबाईंनी पायातली चप्पल काढली, चकचकीत फरशीवर नवे धने पसरले आणि त्या चपलेनंच खसाखसा रगडून त्यांची दोन-दोन शकलं केली.

उद्घाटनाला हेल्मेटं हिरवीगार होती. गर्दी मात्र शेजारच्या काचेच्या पेटीभोवती. हौसाबाईंनी टाचा उंचावून आत डोकावलं.

"अगं बाई, माझी चप्पल! सकाळपासून अनवाणी फिरतेय मी!"